वरचं कुंड

"वहिनी, जरा टेकू द्या," दीर धापा टाकत म्हणाला आणि पाठीवरच्या भावाला त्यानं दगडावर उतरवलं. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. काठाला बांधलेली त्यांची नाव इथून काडेपेटीएवढी दिसत होती.

"माझ्या बसला कधी अशी धाप लागली नाही," नवरा म्हणाला. "स्वतःला एकदा गॅरेजला टाकून ये."

दीर हसला. तिला हसू आलं नाही.

उभी हयात नवऱ्यानं घाटातून बस चालवली होती. गेल्या हिवाळ्यात झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. हात थोडाफार वळणावर आला, पाय काही आला नाही. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हापासून त्यानं डोंगरावरच्या या गरम पाण्याच्या झऱ्याचा ध्यास घेतला होता. कुणी एक लंगडा म्हणे इथून आपल्या पायांनी उतरला होता. ती टाळत राहिली, तर पठ्ठ्यानं जेवणच सोडलं. शेवटी तिनं लाँड्रीतून रजा काढली आणि दिराला गळ घातली. पण झऱ्यानं काहीच झालं नाही, तर हा माणूस उद्या कशाच्या जोरावर उठून बसणार, या विचारानं वाटभर तिचा जीव कुरतडला होता.

कातळात दोन कुंडं होती. वरच्यात झरा खदखदत यायचा, त्यावर वाफ धरलेली असायची. तेच पाणी ओढ्यात मिसळून खालच्या कुंडात अंगाला सोसेल इतकं व्हायचं. लोक बसायचे ते खालच्यात. दोघांनी त्याला मधल्या कातळावर टेकवलं. दीर तोंड धुवायला ओढ्यावर गेला, ती पिशवीतून पंचा शोधू लागली.

"अगं, इकडे बघ!"

तिनं मागं वळून पाहिलं. तो बसल्या बसल्या सरकत वरच्या कुंडापाशी पोहोचला होता. डावा पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडला होता.

"लोकांनी उगाच बोभाटा केलाय. कोमट आहे नुसतं." त्याचा चेहरा उजळला होता. "बरं वाटतंय गं. आत काहीतरी हलतंय."

ती धावली आणि तिनं पाण्यात हात घातला. दिवसभर इस्त्री फिरवून राठ झालेला तिचा हात, तोसुद्धा चटका बसून झटकन बाहेर आला. "आई गं!" ती ओरडली.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"काढा! पाय काढा आधी!"

तो हलला नाही. तिनंच पाय ओढून वर घेतला. पोटरीपर्यंत कातडी लालभडक झाली होती. कुणी प्रवासी बसमध्ये विसरून गेलेल्या सामानाकडे पाहावं, तसा तो त्या पायाकडे पाहत राहिला. मग त्यानं उजव्या पायाचा अंगठा हळूच पाण्याला लावला आणि कळवळून मागे घेतला. डाव्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

दीर धावत आला. "वहिनी, लक्ष कुठं होतं तुमचं?"

"तिला बोलू नकोस," नवरा म्हणाला. "मीच गेलो."

ओढ्याचं गार पाणी ती डब्यानं त्या पायावर ओतत राहिली. कितीतरी वेळ. खालच्या कुंडात उतरायचं नाव कुणी काढलं नाही.

नावेत दीर पुढं बसून वल्हं मारत होता. तिनं ओला पंचा त्या पायावर सैल गुंडाळला होता. नवऱ्यानं पंच्याची कड उचलून पाहिली.

"फोड येतील का गं?"

"येतील."

"मग दुखेल?" त्यानं विचारलं. आवाज अगदी हळू होता, दिराला ऐकू जाऊ नये असा.

तिनं पंचा उगाच नीट केला.

"दुखेल की," ती म्हणाली. "रात्रभर झोपू द्यायचा नाही."

त्यानं मान हलवली आणि तिचा भाजलेला हात आपल्या हातात घेऊन त्यावर फुंकर घातली.