झऱ्यावरचा निळा पत्रा

मी पत्रा बोलतोय. दचकू नका. पत्र्यानं फक्त पाऊस पडल्यावर आवाज करायचा, अशी तुमची समजूत. पण माझ्या अंगावर इतकं काही झाकलं गेलं, की आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझी एक बाजू आकाशासारखी निळी, दुसरी कोरी. झिम्बाब्वेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत वादळानं घरं पाडली, तेव्हा आम्ही निळे पत्रे मदतीच्या ट्रकमधून आलो. वाटप साभुकूंकडे. साभुकू म्हणजे आमचे गावप्रमुख, मुसेकिवा. शुवाई नावाच्या विधवेचं घर भुईसपाट झालं होतं. तिची पाळी आली तेव्हा साभुकू हळहळले, "संपले गं बाई पत्रे! देवाची मर्जी."

देवाची मर्जी अशी, की त्याच संध्याकाळी मी साभुकूंच्या स्वयंपाकघरावर चढलो. कोरी बाजू वर, निळी खाली. बाहेरून कोण ओळखणार? खाली रोज मक्याच्या पिठाचा साझा शिजायचा. धुरानं माझं तोंड काळं झालं. करणारा एक आणि काळं तोंड दुसऱ्याचं, ही माणसांची रीत मी तिथेच शिकलो.

पुढे साभुकूंनी नवे लाल पत्रे घातले आणि मला गावादेखत ओढ्याकाठी फेकून दिलं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचा झरा. साभुकूंच्या गाई त्यात पाय घालून पाणी पीत आणि जाताना दक्षिणाही ठेवून जात. त्या पाण्यानं शुवाईच्या नातीला, नेत्साईला, हगवण लागली. पोर चिपाडासारखी झाली. ती दवाखान्यातून जिवंत परत आली तशी शुवाईनं कंबर कसली. पडक्या घराच्या विटा आणून झऱ्याभोवती भिंत रचली, मोडक्या गोठ्याचे वासे आडवे टाकले आणि छपरासाठी मला डोक्यावर घेऊन आली.

साभुकू धावत आले. "ए शुवाई! काजळीचं भांडंसुद्धा आपण झऱ्यात बुडवत नाही, आणि तू हे काळं धूड वर ठेवतेस? झरा रुसला तर कोण जबाबदार?"

"तुमच्या गाईंच्या शेणानं नाही रुसत तो?"

"गाईंचं वेगळं! काजळी चालणार नाही म्हणजे नाही." माना डोलवायला चार म्हातारे होतेच.

रीत खरी होती, शुवाईही ती पाळायची. "काजळीच नको ना? मग घासून आणते."

साभुकूंचा आवाज एकदम मऊ झाला. "कशाला गं एवढा त्रास? राहू दे. मी दुसरा पत्रा देतो."

साभुकूंनी जन्मात पहिल्यांदाच काही द्यायची भाषा केली, आणि तिथेच शुवाईला वास आला.

ओढ्यावर बायकांनी वाळू आणि राख घेऊन मला घासायला सुरुवात केली. आधी निळा ठिपका उमटला, मग ताटाएवढा निळा डाग. हात थांबले. वादळात ज्यांची घरं पडली, त्यांच्या डोक्यावर हाच रंग होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, हा तर तुझा!" शेजारीण माबेल म्हणाली. "घरी ने. अजून गवताखाली राहतेस."

"घरावर घातला तर मला एकटीलाच दिसेल, माबेल. इथं साऱ्यांना दिसू दे."

पाणी गळू नये म्हणून खिळ्यांखाली बियरच्या बाटल्यांची बुचं घालून तिनं मला ठोकलं. निळी बाजू वर. साभुकू भाषणाला हजर! "हा पत्रा मी मुद्दाम झऱ्यासाठी जपून ठेवला होता..."

"हो ना," शुवाई म्हणाली, "चुलीवर ठेवलात. चांगला शिजलाय!"

चारही म्हातारे हसले. त्या दिवसापासून गाई खालच्या ओढ्यावर पाणी पितात.

आता नेत्साई माझ्या सावलीत बसून ओंजळीनं पाणी पिते. साभुकू मात्र लांबच्या वाटेनं जातात. डोंगर उतरताना मी फार दुरून दिसतो म्हणे.

एक विनवणी आहे. वाऱ्यानं खिळा निघाला तर ठोका. गंज चढला तर चढू दे, म्हातारपण कुणाला चुकलंय? फक्त मला पुन्हा उलटा घालू नका.