दहा मोजेपर्यंत

मी एक जुनी वेताची गाळणी आहे, मित्रांनो. आधीच सांगते, माझ्यावर नको तेवढा विश्वास टाकू नका.

अमेझॉनकाठच्या आमच्या खांबांवरच्या घरात झेनाइदेआजीने मला विणलं, ते असाईसाठी. ताडावरची ही जांभळी फळं भिजवून कुस्करायची, माझ्यातून गाळायची आणि तो दाट रस माशाबरोबर जेवायचा. त्याशिवाय इथे कुणाचं पोट भरत नाही. "माझ्या गाळणीतून मुंगीचा पायसुद्धा जायचा नाही," आजी मिरवायची. मीही फुशारून जायचे.

मग नात इरासीला ताप आला. तोंड सुजलं. हिवताप समजून काढे झाले, पण ताप हटेना. शेवटी आरोग्यसेविका मार्लुसेने तिला होडीतून दवाखान्यात नेलं. रक्तात जंतू सापडले.

परत आल्यावर मार्लुसे आजीला म्हणाली, "झावळ्यांतला किडा फळांबरोबर येतो, मावशी. तो चिरडला की त्याच्या पोटातले जंतू रसात उतरतात."

"अगं, पण मी गाळते ना!"

"किडा अडकतो. जंतू नाही अडकत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीने मला खुंटीला टांगलं आणि महिनोन्‌महिने माझ्याकडे पाहिलं नाही. औषधाने इरासी बरी झाली, पण असाईचं नाव काढलं की तोंड फिरवायची. अर्ध्या पोटी उठायची. पोर वाळत चालली.

एक दिवस मार्लुसेने चुलीवर पाणी ठेवायला लावलं. फळं निवडून, धुऊन, उकळी फुटायच्या आधीच्या कढत पाण्यात दहा मोजेपर्यंत बुडवायची, की लगेच गार पाण्यात. तेवढ्याने जंतू मरतात, ती म्हणाली.

"त्यापेक्षा असाईचा चहाच कर की!" आजी फणकारली. "चव राहील का?"

"आजी, मी मोजू?" कोपऱ्यातून इरासी म्हणाली.

आजीने फळं कढत पाण्यात सोडली. इरासी चुलीपाशी येऊन मोजू लागली. सातवर आजीने झाऱ्याला हात घातला.

"हात मागे! अजून तीन आहेत."

"घ्या! आता ही मला शिकवणार," आजी म्हणाली, पण डोळे पुसत.

मग मला खाली काढलं, घासून धुतलं. रस गाळताना मला धाकधूक वाटत होती. पहिली वाटी आजी स्वतः प्यायली.

"कशी आहे?" इरासीने विचारलं.

"बरी आहे मेली," आजी म्हणाली आणि दुसरी भरून घेऊ लागली.

मित्रांनो, बिया मी अडवीन, सालं अडवीन. जे मला अडवता येत नाही, त्यासाठी तुम्ही दहा मोजा. इरासीने मोजले होते. म्हणून तर तिने आजीच्या हातातली ती दुसरी वाटी ओढून घेतली.