एकतिसाव्या भागाची सोळा पानं

१९९४ साली माझ्या ‘पल्याडची’ या भुताच्या कादंबऱ्यांच्या मालेचा अडतिसावा भाग बांधताना मलकापूरच्या बाइंडरनं शेवटच्या पानांच्या जागी चुकून एकतिसाव्या भागाची सोळा पानं घातली. त्यामुळे दर भागात एका नव्या पुरुषावर भाळणारी मेलेली चंद्रा यात पान एकशे बारापर्यंत वीरधवलवर जीव टाकते आणि तिथून पुढे सयाजीवर.

प्रकाशक नाथाजी निर्धास्त होता. “दोन म्हैनं झालं गुरुजी, एक पत्र न्हाई. कुणाला कळलंच न्हाई बघा. तुमी एकोणचाळिसावा द्या.”

मला मात्र ते लागलं. कुणाच्याच लक्षात येत नसेल तर मी लिहितो तरी कशाला? चूक ओळखणारा एक वाचक भेटला तर लिहायचं, नाहीतर थांबायचं, असं ठरवून मी सांगलीहून पलूसच्या वाचनालयात गेलो. ओळख न देता कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलो.

दुपारी दवाखान्यातल्या आया बनाबाई तोच भाग परत करायला आल्या. मी घसा खाकरून विचारलं, “शेवट बरा आहे का हो?”

“शेवटाला गड्याचं नावच बदललंय.”

मला हायसं वाटलं. “मग तक्रार नाही केलीत?”

“कशाला? मी सयाजी आलं की वीरधवल म्हणत वाचलं. कोण का असंना, ती तळ्याकडं निघणार, त्यो हाक मारणार, ही मागं बघणार न्हाई.”

“सगळं ठाऊक असून नेता?”

“दिसभर दुसऱ्यांची दुखणी बघायची, आन् घरी जाऊन नवं काय वाचायचं? हितं काय हुणार ते म्हाईत असतंय. जिवाला घोर न्हाई.”

टेबलामागची ग्रंथपाल आम्रपाली हसली. “मावशी, एकदा बघू दे की तिला मागं.”

“बघू दे की,” बनाबाई म्हणाल्या. “लय वर्सं झाली.”

चूक ओळखणारी भेटली होती, म्हणजे लिहिणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणचाळिसावा लिहायला बसलो. बाकीचा भाग आठवड्यात हातावेगळा झाला. त्याला काही विचार लागत नाही. तळ्याशी आलो. त्यानं हाक मारली. मी लिहिलं, चंद्रा वळली.

पुढचं वाक्य अजून आलेलं नाही. वळल्यावर तिला काय दिसतं, हे अडतीस भागांत मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.