गावाचं नाव

"त्या पुतळ्याला अजून हात लावू नका," विनोदिनी म्हणाली. "आधी भाऊजींना सांगू द्या."

रामघाटाच्या पायरीवर पंडितजींनी दर्भाचा पुतळा बांधून ठेवला होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग असा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. तिचा नवरा माणिक ज्या बोटीवर होता ती लढाईत बुडाली, त्याला तप उलटलं होतं. पण माणिकचा थोरला भाऊ यज्ञेश्वर चौकशी करी, तेव्हा मुंबईहून एकच उत्तर येई : पोतनीस नावाचा कोणी माणूस बोटीवर नव्हता. विनोदिनी कुंकू लावत राहिली.

आता नव्या राज्याची दफ्तरं भोपाळला हलायच्या धांदलीत यज्ञेश्वर सरकारी कामासाठी मुंबईला जाऊन आला होता. कामावर असताना बुडालेल्या खलाशांची नावं कोरलेला स्तंभ तिथं गोदीजवळ नुकताच उभा राहिला होता.

"यांचं नाव पत्थरावर पाहिलंत? स्वतः?" विनोदिनीनं विचारलं.

"पाहिलं."

"पूर्ण काय लिहिलंय?"

यज्ञेश्वर पुतळ्याकडे बघू लागला. 'माणिक पोतनीस' म्हटलं असतं, तर निभावलं असतं.

"माणिक उज्जैनकर."

ती बघत राहिली आणि एकदम खुदकन हसली. "मग दुसरेच कोणी असतील हो! जीवच घेतलात माझा. पंडितजी, समेटो सब!"

"अरे बाई, ये कोई मजाक है?" पंडितजी करवादले.

गप्प राहिलं, तर तिचं कुंकू राहणार होतं आणि त्याची अब्रूही.

"विनोदिनी, तोच आहे तो," यज्ञेश्वर म्हणाला. "स्टेशनावर मीच त्याला बोललो होतो. बोटीवर भांडी घासायची तर घास, पण दरबारी पोतनिसांचं नाव तिथं लावू नकोस. तो म्हणाला, 'मग दादा, गावाचं लावू?'"

"आणि तरी तुम्ही पोतनीस म्हणूनच शोधत राहिलात?"

"मला ती थट्टा वाटली गं."

विनोदिनी खाली वाकली, शिप्रेत बोटं बुडवली आणि आपल्या हातानं कपाळ पुसलं.

"नाम-गोत्र बोलो, भाऊसाहेब," पंडितजी यज्ञेश्वरला म्हणाले.

यज्ञेश्वरनं तोंड उघडलं.

"नाव मी सांगते," विनोदिनी म्हणाली. "माणिक उज्जैनकर. गोत्र भाऊजींना विचारा."

यज्ञेश्वरनं गोत्र सांगितलं. ते इतकं हळू, की पंडितजींना कान पुढे करावा लागला.