कलम सात, पोटकलम नवरा

वैयक्तिक कोचिंगचा व्यवसाय सुरू करताना सुनेने एकच चूक केली. ग्राहकांसोबतच्या कराराचा मसुदा तपासायला सासूबाईंकडे दिला.

सासूबाई दस्तनोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी, भांडणं आणि मृत्युपत्रं त्यांच्या टेबलावरून गेली होती. कुणी प्रेमपत्र दिलं असतं, तरी त्यांनी आधी साक्षीदारांच्या सह्या शोधल्या असत्या. दीड पानाचा मसुदा त्यांच्या खोलीत गेला आणि तिसऱ्या दिवशी सहा पानांचा होऊन बाहेर आला.

"कलम सात फार ढिलं होतं," त्या म्हणाल्या. "'माहिती गुप्त ठेवली जाईल.' कोण ठेवणार? कोणापासून? माणूस ग्राहक आहे हेच गुप्त, की तो काय बोलला ते गुप्त?"

"अहो आई, साधं कोचिंग आहे. लोक येणार, मनातलं बोलणार, मी प्रश्न विचारणार, निर्णय त्यांचा ते घेणार."

"म्हणूनच म्हणते. मनातलं म्हणजे सगळ्यात वादग्रस्त मालमत्ता."

नव्या कलम सातनुसार अमुक माणूस आपला ग्राहक आहे की नाही, हेसुद्धा कोच कुणाला सांगणार नव्हती. 'यात कोचचा नवरा, नणंद, शेजारी व इतर उत्सुक व्यक्ती यांचा समावेश होतो.' सून पोट धरून हसली आणि करार छापून आणला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यातलीच एक प्रत भरून तिच्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर आद्याक्षरं. 'उद्दिष्ट' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: एका महिन्यात वेगळी खोली घेऊन एकटीने राहायला जाणे.

सुनेचं हसू जिथल्या तिथे थिजलं. "आई, हे काय? इथे काही कमी पडलं का? निदान तुमच्या मुलाला तरी..."

"कलम चार. ग्राहकाच्या उद्दिष्टावर कोच मत देणार नाही. सही कर."

सुनेला नोकरी सोडून चार महिने झाले होते. हा तिचा पहिला ग्राहक. पहिल्याच ग्राहकाचं गुपित फुटलं, तर दुसरा कशाला दार वाजवेल? तिने सही केली. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी, नवरा कामावर गेला की, सासू-सून जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून एकमेकींशी अनोळखी असल्यासारख्या बोलायच्या. सत्र संपलं की सासूबाई 'आभारी आहे' म्हणायच्या आणि त्याच टेबलावर भाजी चिरायला घ्यायच्या.

तीन आठवडे निभावलं. चौथ्या रविवारी दुपारी नणंद आली. उशीचा अभ्रा शोधायला तिने आईचं कपाट उघडलं आणि तशीच धावत बाहेर आली.

"दादा, आईचं कपाट अर्धं रिकामं आहे!"

नवरा उठला. त्याने जाऊन बघितलं. साड्या निम्म्या, इस्त्री नाही, गजराचं घड्याळ नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासूबाई टेबलाशी मटार सोलत होत्या.

"आई, सामान कुठे गेलं?"

"देऊन टाकलं थोडं."

"रोज तीन ते पाच कुठे जातेस?"

"पाय मोकळे करायला."

"दोन तास? तुझे गुडघे दुखतात ना?"

"म्हणून तर दोन तास लागतात."

नणंदेने भावाला बाजूला ओढलं. बाजूला म्हणजे दीड हातावर. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. "दादा, आमच्या शेजारच्या काकूंनी अस्संच केलं होतं. एकेक वस्तू वाटून टाकली, कुणाला काही कळू दिलं नाही. आणि मग रिपोर्टच हाती आले. आईला काहीतरी मोठं झालंय."

नवऱ्याने खुर्ची धरली. मग बायकोकडे वळला. "तू दिवसभर घरात असतेस. तुला माहीत आहे."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी एक शेंग फोडली.

"मी काही सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे माहीत आहे!"

"तेही सांगू शकत नाही."

"वहिनी, आई तुझी क्लायंट आहे का काय?" नणंद किंचाळली.

"कोणीही माझं क्लायंट आहे किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही. तू नाहीस, हेसुद्धा नाही."

"मी नाहीये, हे मला माहीत आहे!"

"छान. मी दुजोरा देणार नाही."

नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरून आले. "एवढंच सांग," तो हळू आवाजात म्हणाला, "आई आजारी आहे का? बाकी काही विचारत नाही."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द सुनेच्या ओठापर्यंत आला. सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली. आता त्यासुद्धा बघत होत्या, आणि त्या बघण्यात दया-माया काही नव्हती.

सून आत गेली, कराराचा कोरा नमुना घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात दिला. "हा कुणालाही मिळतो. कलम अकरा वाच. मोठ्याने."

"'ग्राहकाच्या प्रकृतीस अथवा जिवास धोका असल्याचे कळताच,'" तो अडखळत वाचू लागला, "'कोच त्याच्या घरच्यांना विनाविलंब कळवेल.' मग?"

"गेल्या महिनाभरात मी तुला असं काही कळवलं?"

"नाही."

"मग."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो खुर्चीत मटकन बसला. नणंदेने तोंड उघडलं, पण सुनेने बोट वर केलं. "आता एक सत्र आहे. ज्यांनी करार केलेला नाही, त्यांनी स्वयंपाकघरात जावं."

"माझ्याच घरात?" नवरा म्हणाला.

"दार लावून घे."

दोघं गेली. कधी नव्हे ते त्यांनी दारसुद्धा लावलं.

"तू जवळजवळ फोडलंसच," सासूबाई म्हणाल्या.

"जवळजवळ." सून त्यांच्यासमोर बसली. "पण मुलगा रडत होता आणि तुम्ही मटार सोलत होतात. हे मत नाही, दिसलं ते सांगितलं. आता प्रश्न. त्याला सांगत का नाही तुम्ही?"

"तो नको म्हणेल."

"तुम्ही कधीपासून कुणाच्या नको म्हणण्याला घाबरायला लागलात?"

सासूबाईंनी मटारचे दाणे उगाच वाटीत सारखे केले. स्वयंपाकघराच्या दाराला दोन कान लागलेले असणार.

"तो हो म्हणेल," त्या शेवटी म्हणाल्या. "'बरं आई, जा' म्हणेल. लगेच. त्याची भीती वाटते."

कलम चार नसतं, तर सून पुष्कळ काही बोलली असती. ती फक्त म्हणाली, "मग पुढचं पाऊल काय?"

सासूबाई उठल्या. पदराला हात पुसले. स्वयंपाकघराचं दार त्यांनीच उघडलं. नणंद तोल जाऊन बाहेर आली.

"मी खोली घेतली आहे," त्या मुलाला म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात जाणार. मला एकदा एकटीने राहून बघायचं आहे. एकदाही राहिले नाही."

त्याने आधी आईच्या खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अजिबात जायचं नाही," तो म्हणाला. आवाज फाटलाच त्याचा. "कुठे खोली? कुणाची? खिडकीला गज आहेत का? वेड लागलंय का तुला? नाही म्हणजे नाही!"

सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला, की नणंदेला वाटलं बेत रद्द झाला.

"जाणार म्हणजे जाणारच," त्या आनंदाने म्हणाल्या. "गज आहेत. येऊन बघ हवं तर."

"आत्ता बघणार!" नवऱ्याने पायात चपला सरकवल्या, त्याही उलटसुलट. नणंदही निघाली. दारात सासूबाई थांबल्या. "तूही चल गं."

"तिला कशाला विचारतेस?" नवरा जिन्याकडे बघत म्हणाला. महिनाभर तो बायकोच्या तोंडाकडे बघून झोपला होता; आता त्याला ते बघवत नव्हतं. "तिला पत्ता माहीतच असेल."

पत्ता मात्र तिला खरंच माहीत नव्हता. सासूबाईंनी तेवढं कधीच सांगितलं नव्हतं. पण तसं म्हणणं म्हणजे बाकीचं माहीत होतं असं म्हणणं. तिने दाराला कुलूप लावलं आणि तिघांच्या मागे, दहा पावलं अंतर ठेवून, चालू लागली.