तेल लावलेलं पिस्तूल

टेनेसीच्या डोंगरातलं ते चर्च लहान, पण त्या रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो कमरेचं पिस्तूल सांभाळत पुढे घुसत होता.

"हे तेल लागलेलं पिस्तूल निष्पापावर उडत नाही!" चर्चचे उपदेशक ब्रदर हॉलिस गरजले. तेल म्हणे थेट जेरुसलेमचं. वास मात्र चर्चच्याच स्वयंपाकघरातल्या सॅलडच्या तेलाचा!

आधी त्यांनी आपलं पिस्तूल मुठीत धरून वाळूच्या बादलीत गोळी झाडली. मग त्यावर तेलाचं बोट फिरवलं, पिस्तूल बोटांच्या टोकांनी अलगद उचललं, नळी स्वतःच्या छातीला लावली आणि चाप दाबला. काहीच झालं नाही. बायका भक्तीनं रडू लागल्या.

वर्नाला मात्र रडू येत नव्हतं, धास्ती वाटत होती. शाळेत ती मुलांना शिकारीतली सुरक्षा शिकवायची. ती अलगद पकड तिला खटकली. त्याहून जास्त खटकत होता नवरा. गेल्या रविवारी गार्लंड पिस्तुलाला तेल लावून घेऊन आला, तेव्हापासून ते कुलपाच्या पेटीत नव्हतं, घरी उशाशी होतं, आजही. आणि घरात चार वर्षांची नात, मेबल.

वर्ना उठली. "ब्रदर, आता मघासारखं मुठीत आवळून बादलीवर चालवा की. वाळूनं कुठलं पाप केलंय?"

"बाई, देवाची परीक्षा पाहू नये."

"मग इतका वेळ तुम्ही काय पाहत होतात?"

"गप बस, वर्ना! चारचौघांत लाज काढतेस," म्हणत गार्लंड पुढे झाला. बायकोचं तोंड बंद करायलाच त्यानं ब्रदरांचं पिस्तूल मुठीत घेतलं, बादलीवर रोखलं आणि चाप ओढला. धाडकन आवाज झाला. वाळू उडाली.

"त्या पिस्तुलाच्या मुठीला मागच्या बाजूनं खटका आहे," वर्ना म्हणाली. "तळव्यानं दाबल्याशिवाय चाप हलतच नाही. आपल्या पिस्तुलाला बाहेर असा खटकाच नाही, गार्लंड. सुरक्षेची कुलपं सगळी आत. हातातून पडलं तर ती वाचवतात. चाप ओढला की आपसूक उघडतात. बोट कुणाचं, हे विचारत नाहीत."

गार्लंडला उशाशी ठेवलेलं पिस्तूल आठवलं. दोघं गाडीकडे धावली.

घरी लेक भांडी घासत होती. आतल्या खोलीत पलंगावर मेबल बसली होती. पिस्तूल तिच्या दोन्ही हातांत होतं आणि नळी बाहुलीच्या छातीला.

"घाबरू नका आजोबा," ती म्हणाली, "याला तेल लावलंय ना."

गार्लंडनं ते हळूच काढून घेतलं, पेटीत ठेवून कुलूप लावलं, आणि तिथंच जमिनीवर बसून तो हुंदके देऊ लागला.

चर्चच्या अंगणातली रांग मात्र अजून हटली नव्हती. बाबांनो, देवाला मानायचं तर खुशाल माना, पण पिस्तूल कुलपात ठेवा. त्या रांगेतल्या कितीतरी घरांत एखादी मेबल आहे, आणि चापाला तिचं बोट पुरतं.