नागोबाच्या नावाचा दाखला

जुना म्हणावं तर माझं वय फार नाही, मित्रांनो. पण कागदाचं आयुष्य ते केवढं! चार घड्यांवर विरलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडलेला, असा मी एक देवीचा दाखला आहे. एका बाईला देवीची टोचणी झाली आहे, तिला बोटीत बसू द्यावं, एवढं सांगायला माझा जन्म झाला. तेवढंही मला धड सांगता आलं नाही.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात जुन्या चिंध्या आणि तागाच्या दोऱ्या कुटून मला केलं. कुणाच्या लुगड्याचा पदर, कुणाच्या लेकराचं टोपडं, सगळं माझ्यात आहे. म्हणूनच की काय, मला बायकांचं मन लवकर कळतं. तिथून मी निजामाच्याच मुलखातल्या जालन्याच्या एका दवाखान्यात आलो आणि दाखले लिहिणाऱ्या मुन्शीजींच्या मेजावर कोरा पडून राहिलो.

त्याच दवाखान्यात गोजरबाई आली. माहेर धावड्याचं, सासर जालन्याचं. नवरा भुजंग सरकी काढायच्या कारखान्यात फिटर होता. एका शेठजीच्या शब्दावर तो आफ्रिकेत, युगांडात गेला. तिथंही कापूस पिकतो, तिथंही कारखाने निघाले होते. गेला त्याला सहा वर्षं झाली होती. गोजरबाईची ओटी रिकामी, घरात म्हातारा सासरा रखमाजी, आणि दळताना जात्यापाशी एकच ओवी:

दर्याच्या पल्याड, किती दळू मी अंतर
पिठाची झाली रास, वाट सरंना कणभर

शेवटी भुजंगचं जाड पाकीट आलं. आत तिकडच्या सरकारचा इंग्रजी परवाना: भुजंग रखमाजी याच्या बायकोला देशात येऊ द्यावं. सोबत चिठ्ठी होती. ‘परवाना दिवाळीपर्यंतच चालतो. देवीच्या टोचणीचा दाखला घे. त्याबिगर बोटीत घेत न्हाईत. बोट लागते तिथं, मोंबासाच्या धक्क्यावर मी उभा राहीन.’

टोचणीवाल्यानं तिच्या दंडावर चार ओरखडे काढले आणि आठव्या दिवशी दाखवायला बोलावलं. ते आठ दिवस गोजरबाईनं देवीचं सोवळं पाळलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात मोठा आवाज नाही, चुलीवर फोडणी नाही.

“अगं, सरकारी देवी हाये ती,” रखमाजी कुरकुरायचा. “तिला फोडणीचं काय? आठ दिस झाले, बिनफोडणीचं वरण गिळून राह्यलो.”

“देवी ती देवीच, मामा. कोपली म्हंजी?”

देवी कोपली नाही. दंडावर चार फोड टपोरे उठले. डॉक्टरांनी पाहून मान डोलावली आणि मुन्शीजींनी मला पुढं ओढलं. मित्रांनो, माझ्या जन्माची घडी ती हीच.

मुन्शीजी भले माणूस, पण समोर रांग मोठी. त्यांनी बोरू शाईत बुडवला. “नाव? गोजरबाई. बराबर. शौहर का नाम? नवऱ्याचं नाव सांगा बाई, जल्दी.”

गोजरबाईनं पदर पुढं ओढला. “नाव कसं घिऊ वो मुन्शीजी? मामा दारातच बसल्यात.”

“नाव न्हाई तर दाखला न्हाई.”

मागं उभी असलेली चतुराबाई तिची शेजारीण. ती फिसकन हसली. “दर्या वलांडायला निघाली, अन् नाव घ्यायला लाजून राह्यली! उखाण्यात घे की गं!”

रांगेतल्या बाया माना पुढं काढून ऐकू लागल्या. गोजरबाई भुईकडं बघत म्हणाली:

वारुळाच्या देवापुढं ठेवते दुधाची वाटी
त्याचंच नाव धन्याला, जो दर्याच्या काठी

“नागोबा!” रांगेतून एक म्हातारी ओरडली. बाया खळखळून हसल्या. मुन्शीजीही हसले. “नागोबा वल्द रखमाजी. बराबर?”

गोजरबाईनं होकाराची मान हलवली. चतुराबाईला खरं नाव ठाऊक होतं, पण ती तोंडात पदर कोंबून हसत होती. रखमाजी दारातच होता. पण सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायच्या वेळी सासऱ्यानं कान द्यायचा नसतो, म्हणून तो मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून बसला होता. आणि गोजरबाईच्या मनात खोट कुठं होती? भुजंग म्हणजे नागोबाच. पण मित्रांनो, माणसाला अर्थ पुरतो, कागदाला अक्षर लागतं. मुन्शीजींनी उर्दूत ‘नागोबा’ लिहिलं, शिक्का मारला, आणि मी चुकीचा जन्मलो.

तिनं मला पत्र्याच्या डब्यात परवान्याच्या अंगावर ठेवलं. आम्ही पोटाला पोट लावून पडलो. त्याला माझी उर्दू येत नव्हती, मला त्याची इंग्रजी. त्या घरात तर दोन्ही कुणालाच येत नव्हत्या. रोज संध्याकाळी ती डबा उघडून आम्हाला हात लावायची, कपाळाला लावायची. एवढा मान कुठल्या कागदाला मिळाला असेल? तेलाचा डाग त्याच दिवसांतला. निघायच्या आदल्या दिवशी ती प्रवासाच्या दशम्या करत होती.

श्रावणात सून आणि सासरा मनमाडवरून मुंबईच्या धक्क्यावर पोचले. डोंगराएवढी बोट समोर उभी. गोजरबाईनं तिला दुरूनच हात जोडले. तिथल्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, दंडावरचे वण पाहिले. “टोचणी उत्तम आहे,” ते म्हणाले. त्यावेळी मला केवढी धन्यता वाटली!

मग कारकुनानं मला आणि परवान्याला शेजारी शेजारी ठेवलं. उर्दू जाणणारा एक जण बोलावला. त्यानं मला वाचलं. कारकुनाच्या कपाळाला आठी पडली.

“बाई, परवान्यावर नवरा भुजंग. दाखल्यावर नागोबा. हा दाखला दुसऱ्या बाईचा आहे.”

रखमाजी पुढं झाला. “अवो साहेब, एकच की! भुजंग काय अन् नागोबा काय!”

“असं कसं एकच? उद्या शंकर आणि महादेव एकच म्हणाल!”

“एकच हायेत की वो ते!”

भोवतीची माणसं हसली. रखमाजीला कळेना, यात हसण्यासारखं काय.

तेव्हा गोजरबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा, सासऱ्यासमोर, परक्या माणसांसमोर ती ओरडली, “भुजंग! भुजंग रखमाजी! त्यांचंच नाव हाये. मीच घेतलं न्हाई वो! मीच घेतलं न्हाई!”

कारकुनाचा आवाज खाली आला. “बाई, आता सांगून काय उपयोग? मला कागदावरचंच धरावं लागतं. जिथं केला तिथनं दुरुस्त करून आणा. पुढच्या बोटीला बसवतो.”

बोटीनं भोंगा दिला. मी तिच्या मुठीत चुरगळलो होतो. तिच्या तळव्याचा घाम माझ्या शाईत उतरला, पण त्या घामानं ते एक नाव काही पुसलं नाही.

जालन्याला मुन्शीजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या कागदावर बिनचूक ‘भुजंग’ लिहून दिलं. तोवर विलायतेत लढाई पेटली. पुढची बोट सुटलीच नाही. दिवाळी आली, परवाना संपला.

मग भुजंगचं पत्र आलं. गल्लीतले दुकानदार भागचंद शेठ बायांची पत्रं वाचून द्यायचे, त्यांनी दुकानाच्या ओट्यावर बसून वाचलं. ‘बोट आली. सगळ्या बाया उतरल्या. मी वर जाऊन तीनदा पाहून आलो. तुला यायचं नव्हतं, तर तसं कळवायचं होतं.’

शेठनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा लावला, घडलं ते सगळं जबाबात लिहून दिलं आणि पाकिटावर घालायला नाव विचारलं. रखमाजी शेजारीच बसला होता. “भुजंग,” गोजरबाई म्हणाली. अडखळली नाही, लाजली नाही.

दोन वर्षांनी ते पाकीट न उघडता परत आलं. वर नुसते शिक्के. आता तेही आमच्याच डब्यात असतं. त्यानंतर तिकडून एक अक्षर आलं नाही. तो आहे की नाही, त्यानं दुसरं घर केलं की काय, कुणी सांगेना. म्हातारा रखमाजी वाट पाहता पाहता गेला.

परवा निजामाचं राज्यही गेलं. आता माझी उर्दू वाचणारेही कमी होतील. तिच्या दंडावरचे वण मात्र अजून स्वच्छ दिसतात. तोच खरा दाखला होता, पण त्याच्यावर नाव नव्हतं.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. मी जपण्यालायक नाही. पण उद्या तुम्ही शिकून मेजापलीकडं बसाल. समोर कुणी लाजत, आडून, उखाण्यात नाव सांगेल. तेव्हा हसून घ्या हवं तर, पण मग बोरू खाली ठेवा आणि पुन्हा एकदा विचारा. लिहिलेलं वाचून दाखवा.

गोजरबाई अजून कुंकू लावते. नागपंचमीला बाया वारुळाला जातात, तीही जाते. बाकीच्या नागोबाची गाणी म्हणत फेर धरतात. ती दूध ठेवते, वाकते, आणि बिळाच्या तोंडाशी मोठ्यानं, स्पष्ट, एकच नाव घेते.